चेहरा तिचा, आवाज परका

बार्बरा स्टील हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पण जुन्या भयपटांचा नाद असलेली मंडळी हे नाव निघालं की एकदम सरसावून बसतात. मोठे, जरा जास्तच मोठे डोळे, वर आलेली गालाची हाडं, काळेभोर केस, आणि एकाच वेळी सुंदर नि भीतिदायक दिसण्याची अजब हातोटी. १९६० ते १९६६ या सहा-सात वर्षांत तिने इटलीत आठ-नऊ भयपट केले, आणि तेवढ्या पुंजीवर तिला 'भयपटांची राणी' हा किताब कायमचा चिकटला.

मी हे सिनेमे ओळीने पाहायला घेतले तेव्हा तिसऱ्या-चौथ्या सिनेमाला काहीतरी खटकायला लागलं. बाई तीच, पण आवाज दर वेळी वेगळा. एकदा खर्जातला, एकदा किनरा, एकदा तर चक्क रेडिओवरच्या निवेदिकेसारखा. मग वाचायला लागलो आणि कळलं, की तिच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमांत तिचा स्वतःचा आवाज नाहीच. ज्या कामासाठी जग तिला ओळखतं, त्या कामात ती जवळजवळ मुकी आहे. नटीच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट! आणि तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिच्या डोळ्यांवर पानंच्या पानं खर्च करतात, आवाजाचा विषय एका ओळीत उरकतात.

तिचा जन्म २९ डिसेंबर १९३७चा, इंग्लंडमधल्या बर्कनहेडचा. मर्सी नदीच्या या काठाला बर्कनहेड, पलीकडे बीटल्सचं लिव्हरपूल. ओढा चित्रकलेकडे होता आणि शिक्षणही त्यातच झालं. १९५०च्या दशकाच्या शेवटी रँक ऑर्गनायझेशन या बड्या ब्रिटिश सिनेकंपनीने तिला करारावर घेतलं. तेव्हा कंपन्या नट-नट्यांना पगारावर बांधून ठेवत. आपल्याकडे प्रभातचाही कारभार तसाच होता. (१९३९ साली शांता आपट्यांनी प्रभातच्या दारात उपोषण केलं होतं ते करारावरूनच. बाईंना मानलं पाहिजे.) रँकने स्टीलला 'सफायर'सारख्या सिनेमांत किरकोळ कामं दिली आणि पुढे तिचा करार अमेरिकेतल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला विकला. माणसाचा करार विकला जातो म्हणजे काय, याचा नीट विचार केला की अंगावर काटा येतो. भयपटाची गरजच नाही.

हॉलिवुडला तिचं काय करायचं हेच कळलं नाही. एल्व्हिस प्रेस्लीच्या 'फ्लेमिंग स्टार' (१९६०) या वेस्टर्नमध्ये तिला घेतलं, तिचे काळे केस सोनेरी रंगवले, आणि काही दिवसांतच ती त्या सिनेमातून बाहेर पडली. दिग्दर्शक डॉन सीगलशी खटका उडाला असं एक सांगतो, तिचे इंग्लंडी उच्चार त्या मातीत बसेनात असं दुसरा सांगतो. भूमिका बार्बरा ईडनकडे गेली.

त्याच १९६० साली तिचा इटलीतला सिनेमा झाला, ज्याने तिचं आयुष्य ठरवून टाकलं. मूळ नाव 'ला मास्केरा देल देमोनिओ', सैतानाचा मुखवटा. अमेरिकेत तो 'ब्लॅक संडे' या नावाने गाजला. दिग्दर्शक मारिओ बावा. हा मुळातला छायालेखक, आणि असला-तसला नव्हे. याच्या तीन वर्षं आधी, १९५७ मध्ये, रिकार्दो फ्रेदाचा 'ई व्हांपिरी' हा सिनेमा बावाने चित्रित केला होता. फ्रेदा मधेच सोडून गेला तेव्हा उरलेला भाग पुरा केला तोही बावानेच. त्यात एक तरुण बाई कॅमेऱ्यासमोर, कुठेही न तोडता, म्हातारी होते. युक्ती साधी होती. चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या, कॅमेऱ्याची फीत कृष्णधवल. लाल उजेडात त्या सुरकुत्या दिसत नाहीत, उजेड हिरव्याकडे वळवला की त्या काळ्या होऊन वर येतात. नटीने फक्त स्थिर उभं राहायचं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण चेहरा म्हणजे प्रकाश टाकायची जागा असं मानणाऱ्या माणसाच्या हाती स्टील सापडली होती.

तिकडे १९५८ साली ब्रिटनच्या हॅमर कंपनीचा ड्रॅक्युला भरपूर चालला होता. आपणही असं काहीतरी करावं, असं इटलीतल्या निर्मात्यांना वाटलं. बावाने गोगोलची 'व्ही' ही कथा घेतली आणि तिच्यातलं नावापुरतंच काहीतरी ठेवलं. सुरुवातीलाच आसा नावाच्या राजकन्येला चेटकीण ठरवून शिक्षा होते. आतून खिळे असलेला धातूचा मुखवटा तिच्या तोंडावर ठेवतात आणि भल्यामोठ्या हातोड्याने ठोकतात. दोनशे वर्षांनी कुणीतरी शवपेटीतला तो मुखवटा काढतं. आत विंचू, रिकामी बुबुळं, आणि गालांवर खिळ्यांची भोकं. मग त्या खोबणीत हळूहळू डोळे भरत येतात. याच घराण्यातली कातिया ही निष्पाप मुलगीसुद्धा स्टीलच. ती पहिल्यांदा दिसते ती पडक्या इमारतीच्या दारात, काळ्या झग्यात, दोन दांडगे कुत्रे घेऊन उभी. ही बिचारी चांगली मुलगी आहे हे आपल्याला अजून माहीत नसतं, आणि तिला पाहून कळतही नाही. सगळी गंमत तिथे आहे. दोन्ही बायकांचा चेहरा एकच असल्यामुळे चांगलीकडे पाहतानाही आपण सावध असतो.

ब्रिटनच्या सेन्सॉरने या सिनेमाला १९६८ पर्यंत दार उघडलं नाही. इटलीत तो बेताचाच चालला. अमेरिकेत मात्र अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने तो विकत घेतला, थोडी काटछाट केली, संगीत बदललं, संवाद नव्याने भरले आणि १९६१ मध्ये लावला. तिथे तो चांगलाच चालला.

आता आवाजाकडे येतो. इटलीत सिनेमा करायची पद्धतच अशी होती, की चित्रीकरणाच्या जागी ध्वनी घ्यायचाच नाही. घेतला तरी तो वाटाड्यापुरता. सगळे संवाद नंतर स्टुडिओत. याची मुळं बरीच मागे जातात. १९३० साली मुसोलिनीच्या सरकारने परभाषेतले संवाद पडद्यावर ऐकू येण्यालाच बंदी घातली, त्यामुळे परदेशी सिनेमे इटालियनमध्ये बोलते करण्याचा मोठा धंदा उभा राहिला. त्यात तरबेज लोकांची फौज तयार झाली आणि मुसोलिनी गेल्यावरही ती फौज राहिली. मग इटलीतले निर्माते कुठूनही नट आणायला लागले. एकाच प्रसंगात एक इंग्रजीत बोलतोय, दुसरी इटालियनमध्ये, तिसरा फ्रेंचमध्ये, आणि चित्रीकरण मजेत चाललंय. फेलिनी तर, म्हणतात, कधी कधी नटांना नुसते आकडे मोजायला सांगायचा. संवाद काय, नंतर लिहू.

तेव्हा 'ब्लॅक संडे'त स्टील बोलली इंग्रजीत. इटालियन आवृत्तीत तिच्या तोंडी एका इटालियन बाईचा आवाज, हे समजू शकतं. पण सिनेमाच्या इंग्रजी आवृत्त्या दोन निघाल्या, आणि दोन्हींत दुसऱ्याच बायका बोलतात. इंग्लंडात जन्मलेली नटी, इंग्रजीत केलेलं काम, आणि इंग्रजी आवृत्तीतही आवाज परका!

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. श्रीदेवीला सुरुवातीच्या हिंदी सिनेमांत बऱ्याचदा नाझ या जुन्या बालनटीने आवाज दिला, 'आखरी रास्ता'त (१९८६) तर रेखाने. स्वतःच्या आवाजात ती हिंदी बोलली ती 'चांदनी'पासून, म्हणजे १९८९ मध्ये. पण श्रीदेवीला हिंदी येत नव्हतं, कारण सरळ होतं. शिवाय ती पुढे बोलली आणि आपण तो आवाज ओळखायलाही लागलो. स्टीलच्या वाट्याला ते भाग्य, निदान ज्या सिनेमांनी ती ओळखली जाते त्यांत, आलं नाही.

आणि हा सगळा दोष इटलीच्या गळ्यात बांधता येत नाही. १९६१ मध्ये रॉजर कॉर्मनने तिला एडगर ॲलन पोच्या कथेवरच्या 'द पिट अँड द पेंड्युलम'साठी अमेरिकेत बोलावलं. समोर व्हिन्सेंट प्राइस. दोनएक आठवड्यांत उरकलेला सिनेमा, पण आजही बघवतो. तिथे सगळे इंग्रजीच बोलत होते, ध्वनी जागेवरच घेतला जात होता. तरीही तिचे उच्चार बाकीच्यांशी जुळत नाहीत म्हणून नंतर दुसऱ्या बाईचा आवाज घातला. सिनेमाचा शेवट आठवा (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या). कट रचणारी एलिझाबेथ, म्हणजे स्टील, लोखंडी पेटीत कोंडली गेली आहे. हे कुणालाच माहीत नाही. तळघराचं दार आता पुन्हा कधी उघडायचं नाही असं वर कुणीतरी म्हणतं. कॅमेरा गर्रकन पेटीकडे वळतो आणि फटीतून तिचे डोळे दिसतात. तोंडात बोळा कोंबलेला आहे. त्या डोळ्यांवर सिनेमा थांबतो. कॉर्मनला यातून तिच्याबद्दल काही सुचवायचं असेल असं मला मुळीच वाटत नाही, त्याला फक्त प्रेक्षकाला दचकवायचं होतं. पण आवाजाची हकिकत कळल्यावर तो बोळा वेगळाच दिसायला लागतो.

यानंतर इटलीत तिच्यावर सिनेमांची रांगच लागली. फ्रेदाचा 'डॉ. हिचकॉकचं भयंकर गुपित' (१९६२), त्याचाच 'लो स्पेत्रो' (१९६३), आंतोनिओ मार्गेरितीचे 'दांझा माकाब्रा' आणि 'मृत्यूचे लांब केस' (दोन्ही १९६४), मारिओ कायानोचा 'नाइटमेअर कॅसल' (१९६५), आणखी दोन-तीन. एकेक सिनेमा दोन-तीन आठवड्यांचा. तेच वाडे, तीच तळघरं, त्याच मेणबत्त्या. रामसे बंधू महाबळेश्वरला मुक्काम ठोकून घरचीच माणसं हाताशी घेऊन सिनेमे काढायचे, त्यातलाच हा प्रकार. फक्त इटलीतल्यांचा कॅमेरा जास्त देखणा. यातले दोन-तीन अगदीच टाकाऊ आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नये.

या सिनेमांच्या नामावल्या मात्र आवर्जून वाचाव्यात. इटालियन भयपट म्हटलं की परदेशात, आणि खुद्द इटलीतही, गिऱ्हाईक बिचकायचं. म्हणून सगळ्यांनी इंग्रजी नावं घेतली. फ्रेदा झाला रॉबर्ट हँप्टन. मार्गेरिती झाला अँथनी डॉसन. बावासुद्धा एका सिनेमात जॉन ओल्ड होऊन बसला. कथा इंग्लंड-स्कॉटलंडात घडायच्या आणि चित्रीकरण रोमच्या आसपास. म्हणजे अख्खी टोळी इंग्रज असल्याचं सोंग करत होती. त्यांच्यात खरोखरची इंग्रज असलेली एकच बाई, तिचं नाव खरं, चेहरा खरा, आणि आवाज तेवढा काढून ठेवलेला.

आता कुणी म्हणेल, की मग या बाईच्या अभिनयाबद्दल बोलायचंच कशाला? अर्धा अभिनय दुसऱ्याचा. मलाही काही काळ तसं वाटलं. पण याची एक परीक्षा योगायोगाने झालेली आहे. 'दांझा माकाब्रा'त एक पत्रकार पैज लावून एका रात्रीसाठी भुताटकीच्या वाड्यात राहतो आणि तिथल्या एलिझाबेथच्या, म्हणजे स्टीलच्या, प्रेमात पडतो. तो तिच्या छातीवर डोकं ठेवतो आणि त्याला तिच्या छातीत ठोके ऐकू येत नाहीत. सिनेमा कृष्णधवल, स्वस्तातला. मार्गेरितीने हाच सिनेमा १९७१ मध्ये पुन्हा केला. या वेळी रंगीत, पैसे जास्त, पोच्या भूमिकेत क्लाउस किन्स्की, आणि स्टीलच्या जागी मिशेल मर्सिए ही नामांकित, सुंदर फ्रेंच नटी. गोष्ट तीच, दिग्दर्शक तोच, आवाज तर दोन्हीकडे नंतर भरलेले. तरी दुसरा सिनेमा मेलेला आहे. आपण चूक केली हे मार्गेरितीनेही पुढे कबूल केलं. रंगामुळे बिघडलं म्हणावं तर काही अंशी खरं आहे. पण मर्सिए भूत वाटत नाही, भुताचं काम करणारी नटी वाटते. स्टील मान वळवते तेव्हाच कळतं, की या बाईला दोन जगांत पाय ठेवून उभं राहायचा कंटाळा आलेला आहे. ते आवाजात नाही, चालण्यात आहे, हातांत आहे, आणि समोरच्याकडे उशिरा बघण्यात आहे. कुणी बोलल्यावर ती लगेच बघत नाही, एक क्षण जाऊ देते. तो क्षण कुठल्याही डबिंगवालीला भरता येत नाही.

याच काळात फेलिनीच्या 'साडेआठ'मध्ये (१९६३) ती आहे. एका उतारवयाच्या गृहस्थाची तरुण मैत्रीण ग्लोरिया. भूमिका छोटी. काळे कपडे, भुवयांची चित्रविचित्र रंगरंगोटी, आणि वर तत्त्वज्ञानाच्या गप्पा. फिल्म सोसायट्यांत हा सिनेमा आदराने पाहणाऱ्यांना ती ठाऊक असते, पण तिचं नाव ठाऊक नसतं. भयपटवाल्यांना नाव ठाऊक असतं, पण त्यांनी फेलिनी पाहिलेला नसतो. तिला स्वतःला कुठल्या रांगेत उभं राहायचं होतं हे उघड आहे. १९६६ मध्ये श्ल्योन्डॉर्फच्या 'यंग टर्लेस'मध्येही तिने काम केलं. पण बोलावणी येत राहिली ती शवपेटीतून उठण्याचीच.

त्याचा कडेलोट म्हणजे 'द शी बीस्ट'. दिग्दर्शक मायकेल रीव्ह्ज तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा. तिला एका दिवसाचे हजार डॉलर ठरवले आणि त्या एका दिवसात अठरा तास राबवून घेतलं, अशी हकिकत सांगितली जाते. कथेत तिच्या जागी चेटकीण अवतरते आणि मग बराच वेळ पडद्यावर रंग थापलेला दुसराच कुणी धुडगूस घालतो. स्टील सुरुवातीला आणि शेवटी. जाहिरातीत मात्र तिचंच नाव. आवाज आधीच गेला होता, इथे चेहऱ्याचाही एकाच दिवसाचा भाव झाला.

१९६९ मध्ये तिने पटकथाकार जेम्स पो याच्याशी लग्न केलं. ('पो' हे आडनाव तिचा पिच्छा सोडत नाही!) 'दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?' या सिनेमात त्याने तिच्यासाठी एक भूमिका लिहिली होती, दिग्दर्शनही तोच करणार होता. पण त्याला बाजूला करून सिडनी पोलॅकला आणलं आणि भूमिका सुझाना यॉर्कला गेली. तिला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. स्टीलच्या कारकिर्दीतली ही एकच जागा अशी आहे जिथे मला खरोखर हळहळ वाटते.

सत्तरच्या दशकात तिला बोलावलं ते तिचे सिनेमे पाहून वाढलेल्या पोरांनी. जोनाथन डेमीने आपल्या पहिल्याच सिनेमात, 'केज्ड हीट'मध्ये (१९७४), तिला चाकांच्या खुर्चीत बसलेली तुरुंगाची अधीक्षक केलं. कॅनडात डेव्हिड क्रोनेनबर्गने 'शिव्हर्स'मध्ये (१९७५) घेतलं, जो डांटेने 'पिरान्हा'मध्ये (१९७८). सिनेमे स्वस्तातलेच, पण आता तिचा आवाज तिचा होता. तो कसा आहे? खोल, किंचित घोगरा, प्रत्येक शब्द जरा चघळून बोलणारा. इतकी वर्षं हा आवाज बाजूला ठेवून त्याच्या जागी कुणीही बसवलं, याचा मला तो ऐकल्यावर खरा राग आला. 'पिरान्हा'च्या शेवटी माणसं खाणारे मासे समुद्राकडे निघालेले असतात आणि सरकारी शास्त्रज्ञ झालेली स्टील मुलाखतीत शांतपणे सांगते, की आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही. डांटेला नेमकं कळलं होतं, की हे वाक्य कुणाच्या तोंडी द्यायचं.

त्यानंतर मात्र ती कॅमेऱ्याच्या मागे गेली. भयपटांतच नाव कमावलेल्या डॅन कर्टिसने हर्मन वूकच्या दुसऱ्या महायुद्धावरच्या कादंबऱ्यांवरून दूरचित्रवाणीसाठी दोन प्रचंड मालिका केल्या. 'द विंड्स ऑफ वॉर' (१९८३) मध्ये ती सहनिर्माती होती, 'वॉर अँड रिमेंब्रन्स'मध्ये (१९८८-८९) निर्माती. दुसरीचा खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला आणि ऑशविट्झच्या छळछावणीचे काही प्रसंग प्रत्यक्ष त्या जागी चित्रित झाले. १९८९ मध्ये सर्वोत्तम लघुमालिकेचं एमी मिळालं, त्यात निर्माती म्हणून तिचा वाटा. खोट्या तळघरांत कारकीर्द घालवलेली बाई त्या जागी जाऊन उभी राहिली, यावर मला काही जास्त लिहिता येत नाही. तिच्यावरच्या बहुतेक लेखांत मात्र या दहाएक वर्षांना दोन ओळी मिळतात.

'भयपटांची राणी' या शिक्क्यावर ती बराच काळ वैतागलेली असे. पुढे तो राग निवळला, जुन्या सिनेमांबद्दल ती हौसेने बोलू लागली. १९९१ मध्ये कर्टिसच्याच 'डार्क शॅडोज' मालिकेत तिने डॉक्टर ज्युलिया हॉफमन केली. मालिका बारा भागांत आटोपली.

आणि मग २०१४ मध्ये रायन गॉसलिंगचा 'लॉस्ट रिव्हर'. त्याचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम. सिनेमा पसरट आहे, दुसऱ्यांदा मी काही पाहणार नाही. ओस पडत चाललेल्या गावातली एक म्हातारी आजी, नवरा गेल्यापासून बोलणं टाकलेली. जुन्या लग्नाची फिल्म लावून ती खुर्चीत बसून असते, नटूनथटून, डोळ्यांभोवती काळं रेखून. नात तिच्याशी बोलते, ती उत्तर देत नाही. स्टील तेव्हा शहात्तर वर्षांची होती. एकही संवाद नाही, आणि या वेळी दुसऱ्या कुणाचाही आवाज नाही.